डचमधल्या चुका आणि मराठीवर आलेलं बालंट

"मॅडम, घरी मराठी बोलणं बंदच करू का?" नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मला हमखास येतो.

आइंडहोव्हनच्या या आईची मुलगी साडेचार वर्षांची. डच भराभर बोलते, पण 'हेट बूक' (पुस्तक) म्हणायच्या ऐवजी 'द बूक' म्हणते ('द' आणि 'हेट' म्हणजे इंग्रजी 'the'सारखे नामाआधी लागणारे शब्द). शिवाय खुंटीला अडकवलेल्या कोटासाठी 'आन' (लटकलेल्या वस्तूसाठीचा शब्द) हवं तिथे 'ऑप' (टेकलेल्या वस्तूसाठीचा, आपल्या 'वर'सारखा) लावते. शेजारच्या आजींनी हसत हसत दुरुस्त केलं आणि आईची झोप उडाली. "मराठीत सगळं 'वर'च ना, म्हणून गोंधळते," हा निष्कर्ष तिने आधीच काढून ठेवलेला.

मी ऑनलाइनच मुलीला विचारलं, कप कुठे आहे? "टेबलावर." कोट? "खुंटीला." चित्रातलं सफरचंद? "झाडाला." एकही चूक नाही! तेच आईने डचमध्ये विचारलं, तर तिन्हींना 'ऑप'. म्हणजे टेकलेलं आणि लटकलेलं यातला फरक तिला मराठीत पक्का कळतो. मराठीला दोष देण्यात काही अर्थच नव्हता.

अस्सल डच घरांतली मुलंही हेच करतात. मेलिसा बोवरमन आणि डेड्रे गेंटनर या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डच मुलं 'ऑप' लवकर शिकताना दिसली, 'आन' मात्र उशिरा. तोवर 'आन'च्या जागीही 'ऑप'च. 'द'-'हेट'चं दुखणं तर आणखी लांबतं. बहुतेक नामांना 'द' लागतो, 'हेट' कुठे येणार हे शब्दावरून सहसा ओळखता येत नाही, म्हणून मुलं सरसकट 'द' लावतात. फक्त डच बोलणाऱ्या मुलांचाही हा घोळ सहाव्या वर्षापर्यंत, कधी त्यापुढेही चालतो. दोन भाषांत वाढणाऱ्यांना थोडा जास्त वेळ लागतो, कारण डच कानावर कमी पडतं. त्यावर उपाय म्हणून घरी मोडकंतोडकं डच बोलणं मला तरी पटत नाही. डच शाळेत मिळतंय. घरी भरपूर मराठी बोला, गोष्टी सांगा. चूक झालीच तर टोकू नका, पुढच्या वाक्यात बरोबर रूप सहज येऊ द्या.

काळजी कधी करायची? मराठीतही वाक्य जुळत नसेल, साधी सूचना कळत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावं आणि दोन्ही भाषांबद्दल सांगावं. खरी अडचण असेल तर ती दोन्हीकडे दिसते. या मुलीत तसं काहीच नव्हतं, म्हणून मी पुढची तारीख दिली नाही.