मुख्याध्यापकांना सांगितलं, आता माझं काम संपलं का?

“ताई, मी एका अनुदानित शाळेत शिक्षणसेवक आहे. दुसरं वर्ष चालू आहे, मानधन १६ हजार. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, ‘बाई, मला सोमवारच्या जादा तासाला नाही बसायचं.’ का, विचारलं तर कितीतरी वेळ दप्तराची चेन उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, ‘सगळे गेले की सर मला थांबवतात. दार लोटून घेतात.’ पुढचं ऐकून माझे हातपाय गार पडले. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, सर वीस वर्षं इथे आहेत, पुरावा काय? आईवडील तोडीवरून आले की बोलू, तोवर सखी सावित्री समितीची बैठक लावतो, तुम्ही लेखी काही देऊ नका. ताई, मी सांगितलं तर आहे. आता माझं काम संपलं का? आणि ती खोटं बोलत असली तर एका माणसाचं आयुष्य बरबाद होईल, याचीही भीती वाटते.”

नाही गं, संपलं नाही.

हे उत्तर तुला शुक्रवारीच मेलवर पाठवलं आहे. इथे छापताना ओळख पटेल असे तपशील बदललेत. तरीही छापते आहे, कारण तू ज्या खुर्चीसमोर उभी राहिलीस, त्याच खुर्चीसमोर आज महाराष्ट्रात आणखीही कुणी बाई उभी असेल.

आधी कायद्याचं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ सालचा. त्याचं १९वं कलम म्हणतं की मुलावर असा अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने ते पोलिसांना कळवायचं. ‘ज्याला’ म्हणजे कुणालाही. त्यात शिक्षिका आली, शिपाई आला, डॉक्टर आला. मुख्याध्यापकांना सांगून तू शाळेची रीत पाळलीस, कायद्याचं काम अजून व्हायचं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘लेखी देऊ नका’ म्हणणारे तुझे मुख्याध्यापक स्वतःच किती खोलात उभे आहेत, हे त्यांना माहीत तरी आहे का?

बदलापूर आठवतं ना? ऑगस्ट २०२४. शाळेतच शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार. लोक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेने वेळेत कळवलं नाही म्हणून शाळा चालवणाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना बजावलं की अशी गोष्ट कळल्यापासून २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. तुझ्या शाळेत आठवडा उलटून गेला.

सखी सावित्री समिती २०२२ मध्ये आली ती शाळा मुलींसाठी सुरक्षित राहावी म्हणून. चांगलीच कल्पना आहे. पण ती पोलीस ठाण्याच्या जागी बसू शकत नाही. डोळ्यांसमोर आण जरा: ऑफिसात पाच-सहा मोठी माणसं, मध्ये ती अकरा वर्षांची पोर, आणि प्रश्न, ‘नक्की काय झालं ते सांग.’ ती म्हणेल, ‘काही नाही झालं.’ मग इतिवृत्तात लिहिलं जाईल की मुलीने तक्रार नाकारली. माझा या अंतर्गत चौकशीला जीव तोडून विरोध आहे. अशा बैठकीतून सत्य बाहेर येत नाही, मूल तेवढं बंद होतं.

पुरावा गोळा करणं तुझं काम नाही. पोरीने सांगितलं, तू ऐकलंस, एवढंच पोलिसांना सांगायचं. तू त्या सरांना दोषी ठरवत नाहीयेस, तपास करायला सांगते आहेस. निर्दोष असतील तर तेही रीतसर तपासातूनच सिद्ध होईल. दाबलेल्या गोष्टीने कुणाचंच नाव धुऊन निघत नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच १९व्या कलमात लिहिलंय. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे ती मुद्दाम बदनामीसाठी, खंडणीसाठी, धमकावण्यासाठी तक्रार करणाऱ्याला. मुलांना तर तीही नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर आरोप होता की कळूनही त्याने पोलिसांना कळवलं नाही. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, असं न्यायालयाने म्हटलं.

आता माझं थोडं सांगते. मी सातवीत होते. आमच्या एका सरांबद्दल मी एका बाईंना सांगितलं होतं. त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘कुणाला बोलू नकोस हं, तुझंच नाव खराब होईल.’ मग पेन उचलून पुढची वही उघडली. बाई प्रेमळ होत्या, अजूनही मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. पण ते पेन उचलणं मला आज छप्पन्नाव्या वर्षीही दिसतं. त्यानंतर मी कित्येक वर्षं कुणाला काही सांगितलं नाही.

आज रात्रीच एका कागदावर तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिही, तारीख-वेळ घाल. मुख्याध्यापकांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले, तेही लिही. तिला पुन्हा खोदून विचारू नकोस. ‘मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,’ एवढं म्हण. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस, ते तुला पाळता येणार नाही. त्या सरांना जाब विचारायला जाऊ नकोस. मग पोलीस ठाण्यात जा. माहिती लेखी घ्यायला लाव, नोंद क्रमांक माग, लिहिलेलं वाचून घे. नोंद न करणाऱ्या पोलिसालाही त्याच कायद्यात शिक्षा आहे.

पोरीला ठाण्यात नाचवतील ही भीती असेल तर ऐक: जबाब तिच्या घरी किंवा तिला हवं तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांची काळजी बघणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीला, कळवायचं असतं. आजीला एकटीने जाऊन सांगू नकोस. म्हातारी घाबरून गावातल्याच कुणाचा तरी सल्ला घेईल. बालकल्याण समितीची माणसं सोबत असू देत.

नोकरीचं मी खोटं सांगणार नाही. त्रास होऊ शकतो. तासांची अदलाबदल, टोमणे, शिक्षणसेवक कालावधीच्या शेवटच्या अहवालात एखादा खडा शेरा. म्हणूनच सगळं लेखी आणि तारखेनिशी ठेव, मुख्याध्यापकांनाही लेखी अर्ज दे आणि पोच घे. १६ हजारांवर घर चालवणाऱ्या मुलीला हे सांगताना माझाही जीव वरखाली होतो. पण त्या पोरीचे आईवडील येतील ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसगाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. तोवर त्या पोरीसाठी भांडायला गावात तुझ्याशिवाय कोण आहे?

एकटीने ठाण्यात जायचं धाडस होत नसेल तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर, रात्री-अपरात्री कधीही लागतो. पण जे करायचं ते सोमवारचा जादा तास भरायच्या आत कर.