ऐकणाऱ्याने स्वतःचे कुठे बोलावे?

प्रश्न : ताई, मी 36 वर्षांची आहे, कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्यात नौपाड्याला तासावर भाड्याने घेतलेल्या खोलीत गेली 6 वर्षे थेरपिस्ट म्हणून काम करते. एक तरुण क्लायंट 14 सत्रांनंतर काही न कळवता यायचा थांबला. गेल्या आठवड्यात तो ठाणे स्थानकात मित्रांबरोबर हसताना दिसला आणि मला पाहून त्याने मान वळवली. त्याला बरे पाहून आनंद व्हायला हवा होता, मला मात्र रडू आले. घरी कोणाचे काही ऐकून घेण्याची ताकद उरत नाही. दिवस कसा गेला असे नवऱ्याने विचारले की मी 'ठीक' म्हणते, कारण गोपनीयता. सासूबाई म्हणतात, "बाहेरच्यांचे तासन्‌तास ऐकतेस, आमच्यासाठी दोन मिनिटे नाहीत." मी या कामाला लायक नाही, असे वाटू लागले आहे. सोडून द्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

काम सोडायचे की नाही, हे तुम्ही आज ठरवू नका. तुमच्या पत्रात मला नालायकपणा कुठेच दिसला नाही. सहा वर्षे इतरांचे ऐकून घेतलेल्या आणि स्वतःचे कोणालाच न सांगितलेल्या बाईचा एकटेपणा मात्र ओळीओळीत दिसला. तुम्ही 'ठीक' म्हणता आणि त्याचे कारण गोपनीयता सांगता, तिथे मी थांबले, कारण गोपनीयतेचा असा अर्थ लावण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे, आणि तो कायदा नसता तरी तुम्ही-मी ते पाळलेच असते. पण हे बंधन समोरच्या माणसाच्या नावावर, त्याच्या हकिकतीवर आणि तो ओळखू येईल अशा प्रत्येक खुणेवर आहे. तुमचा थकवा, तुमची भीती, एखाद्या सत्रानंतर छातीवर आलेले दडपण ही तुमची स्वतःची आहेत आणि ती घरी सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी समुपदेशनाचे काम सुरू केले तेव्हा पहिली चार वर्षे घरी कामाबद्दल अवाक्षर काढत नसे. एका संध्याकाळी मेथी निवडायला बसले होते. बऱ्याच वेळाने यजमानांनी समोर बसून माझा हात धरला, तेव्हा लक्षात आले की मी पाने कागदावर टाकून देत होते आणि काड्या परातीत जमा करत होते. त्या दुपारी काय ऐकले होते ते मी तेव्हा सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. मी इतकेच म्हणाले, "आज एका माणसापुढे मला फार हतबल वाटले आणि ते अजून अंगातून गेलेले नाही." त्यांनी काहीही विचारले नाही, कागदावरची पाने गोळा केली आणि उरलेली जुडी स्वतः निवडली. तुमच्या नवऱ्याला रोज असे एक वाक्य मिळाले, तर त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल आणि क्लायंटचे काहीही उघड होणार नाही.

आता त्या तरुणाविषयी. क्लायंटमुळे थेरपिस्टच्या मनात जे ढवळून निघते त्याला मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1910 मध्ये काउंटरट्रान्सफरन्स म्हटले, आणि त्यांच्या लेखी तो थेरपिस्टने स्वतःत ओळखून दूर करायचा अडथळा होता. मनोविश्लेषक पाउला हायमान यांनी 1950 मध्ये मात्र असे मांडले की हीच भावना क्लायंटला समजून घेण्याचे साधनही ठरू शकते. तेव्हा तुमच्या रडण्याची लाज नको, चौकशी हवी. त्यात त्याचे किती आणि तुमचे स्वतःचे जुने, न सांगता सोडून गेलेल्या कोणाचे किती, हे सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टपुढे आपल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलताना, पाहावे लागेल. आणखी एक गोष्ट, जी आपल्या व्यवसायात बोलायला संकोच वाटतो : तो आला नाही तरी त्या तासाचे भाडे तुम्ही भरले असणार. पैशाची काळजी या दुःखात मिसळली असेल तर ती वेगळी काढा. न कळवता गैरहजर राहिल्यास किती शुल्क पडेल, हे पहिल्याच सत्रात स्वच्छ सांगण्यात काहीही हलके नाही.

त्याने मान वळवली, याचा अर्थ त्याने तुम्हाला नाकारले असा नाही. 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, कारण येथे 1901 पासून मनोरुग्णालय आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये याच शहरात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्याबद्दल येथे पुष्कळ मोकळेपणा आला. तरीही फलाटावर चार मित्रांसमोर 'या कोण?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे त्या मुलाला सुचले नसेल. बाहेर ओळख दाखवायची की नाही, हे क्लायंटनेच ठरवायचे असते. त्याला एकच संदेश पाठवा, की पुन्हा यावेसे वाटले किंवा निरोपाचे एक सत्र घ्यायचे असेल तर वेळ देता येईल, आणि मग थांबा. स्थानकातल्या भेटीचा उल्लेख त्यात अजिबात नको. मात्र सत्रांत कधी जिवाला धोका असल्याचे बोलणे झाले असेल, तर केवळ संदेशावर न थांबता आजच सुपरव्हायझरशी बोला, त्याला फोन करा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही द्या.

सुपरव्हिजनचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. महिन्यातून दोनदा तरी अनुभवी व्यक्तीकडे बसा, त्याचा खर्च खोलीच्या भाड्याइतकाच आवश्यक माना, आणि ओळख न सांगता अशी चर्चा होते, हे क्लायंटना आधीच सांगून त्यांची संमती घ्या. ठाण्यात सगळे ओळखीचे वाटत असतील तर दुसऱ्या शहरातली व्यक्ती निवडा. स्वतःची थेरपी सुरू करणार असाल तर ती मात्र सुपरव्हायझरकडे नको, वेगळ्या व्यक्तीकडे हवी. घरी जाताना लोकलमध्ये क्लायंटच्या संदेशांना उत्तरे देत असाल तर ते आजपासून बंद करा. ऐरोली, रबाळे, घणसोली ही तीन स्थानके तरी फोन पर्समध्ये राहू द्या.

सासूबाईंचे म्हणणे मला रास्त वाटते, पण तुम्ही समजता त्या अर्थाने नव्हे. त्यांना तुमच्याकडून सत्र नको आहे. शेजारणीने काय केले हे त्या सांगतील तेव्हा त्यांच्या भावनांचा शोध घेत बसू नका. "तिचे चुकलेच" असे म्हणा आणि त्यांच्याबरोबर चहा घ्या. एवढे तुम्हाला थकलेल्या दिवशीही जमेल.

सुपरव्हिजन सुरू होऊन तीन महिने झाले की मला पुन्हा लिहा. काम सोडण्याचा विचार तेव्हाही मनात असेल, तर त्यावर आपण सविस्तर बोलू.

आपली,
ताई