तंटामुक्ती समितीवर नव्याने आलेल्यांसाठी

गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या या समितीवर पहिल्यांदाच बसताय, तर दोघांना समोरासमोर आणायची घाई करू नका. आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी जा, नेमकं काय हवंय ते विचारा. उदाहरणार्थ, शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरणाऱ्याने नुसती माफी मागून भागत नाही. बांध पूर्ववत कधी, कोणाच्या खर्चाने, हे कागदावर यायला हवं. समोरचा तयार नसेल तर कोर्टाची वाट मोकळी आहेच. २००७ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती बक्षिसांसह, त्यामुळे मिटवलेल्या तंट्यांचा आकडा फुगवायचा मोह होतो. तो टाळा. पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), ॲट्रॉसिटी (दलित-आदिवासींवरचे अत्याचार), बलात्कार असलं काही आलं की थेट पोलीस ठाणं, तिथं तडजोड नाही. मार खाल्लेल्या बाईला ‘संसार टिकव’ सांगणारे सदस्यही भेटतील. त्यांना जागच्या जागी गप्प करा.