प्रारूप मापनाशी ताडताना

पुण्यात बसून पवनचक्कीचे वायुगतिक प्रारूप (पात्यांवरील वाऱ्याचे बल आणि शक्ती वर्तवणारे गणिती प्रतिमान) तपासणार असाल, तर एकूण शक्तीचा आलेख जुळला म्हणून समाधान मानू नका. पात्याच्या मुळाशी आणि टोकाशी झालेल्या विरुद्ध चुका एकमेकींना झाकतात, हे मी महिनाभर फसून शिकलो. २००० साली नासाच्या एम्स केंद्रातील वातबोगद्यात (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) १० मीटर व्यासाच्या, दोन पात्यांच्या चक्कीवर मापने झाली, तेव्हा सेकंदाला ७ मीटर इतक्या सौम्य वाऱ्यातही तज्ज्ञांची शक्तीची भाकिते मोजलेल्या मूल्याच्या २५ ते १७५ टक्क्यांपर्यंत विखुरली होती. म्हणून आधी हीच स्थिती घेऊन ३०, ४७, ६३, ८० आणि ९५ टक्के त्रिज्येवरील लंब बल (पात्याच्या छेदाला काटकोनात लागणारे बल) वेगवेगळे ताडा. मुळाजवळ मापन वरचढ निघाले, तर प्रारूपातले बलाचे गुणांक ओढूनताणून जुळवण्याआधी पाते फिरत असल्यामुळे मुळाशी वाढणारे उत्थापन (पात्याला उचलणारे बल) प्रारूपात विचारात घेतले आहे का, ते पाहा.