मूळ शोधायचं तर आधी गोळ्यांची पिशवी उघड

प्रिय डॉक्टर,

(या हाकेने तुला अजून अवघडल्यासारखं होत असेल. सवय कर.)

औषध कंपन्या आणि खाद्य कंपन्या मिळून लोकांना आजारी ठेवतात, म्हणून तुला गोळ्यांऐवजी आजाराच्या मुळाशी जायचंय, असं तू लिहिलंस. राग समजतो, पण 'कट' म्हटलं की विचार तिथेच खुंटतो. कट करायची गरजच पडत नाही. पेटंट औषधाच्या रेणूचं निघतं, झोपेचं निघत नाही. गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. ती का लागते हे शोधायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे सहसा कुणी देत नाही. मग तेवढंच काम राहून जातं.

पैसा शास्त्राला कसा वळवतो, हे मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. १९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी आहार आणि हृदयविकार यांवर एक आढावा लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते. हे उघड झालं २०१६ मध्ये, जुन्या पत्रव्यवहारातून. साखरेविरुद्धच्या अभ्यासांना बारीक चाळणी लावायची, चरबीविरुद्धच्या अभ्यासांना मोठ्या भोकांची, अशी ती रीत होती. म्हणून अभ्यास हातात आला की चार गोष्टी बघ: पैसा कुणाचा, तुलना कशाशी, किती काळ, आणि मोजलं काय. 'धोका निम्म्यावर' असं वाचलंस तर मूळ धोका विचार. शंभरांत दोघांचा एक झाला तरी तो निम्माच. उरलेले ९९ जण गोळी घेऊनही होते तिथेच राहतात.

आता खरं काम. रुग्णाला पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांग, चूर्णं आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसकट. टेबलावर ओत. प्रत्येकीपुढे लिही: कशासाठी, कधीपासून, कुणी सुरू केली. मग तारखांच्या क्रमाने लाव. बऱ्याचदा अशी साखळी दिसते: गुडघेदुखीसाठी वेदनाशामक, त्याने वाढलेल्या रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने घोट्याला आलेल्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी, तिने यूरिक अ‍ॅसिड वाढून सांधा सुजवणारा गाऊट, आणि त्यावर पुन्हा वेदनाशामक. प्रत्येक डॉक्टरने समोरच्या तक्रारीवर बरोबरच औषध दिलेलं असतं. चूक कुणाच्याच चिठ्ठीत सापडत नाही, ती चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत असते. त्यात लघवीची गोळी, वेदनाशामक आणि एसीई गटातलं रक्तदाबाचं औषध हे तिन्ही एकत्र आले, तर मूत्रपिंड अचानक ढासळू शकतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, तपासल्याशिवाय तो रुग्ण घरी पाठवू नकोस.

साखळी सोडवायची ती पहिल्या कडीपासून, आणि एका वेळी एकच औषध. सगळं एकदम बंद केलं की काय बिघडलं ते कळणार नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारं औषध) आणि बराच काळ चाललेलं स्टेरॉइड तर एकदम तोडायचंच नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने घेऊन अचानक थांबवली, तर अ‍ॅसिड उसळून येतं आणि रुग्णाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि पाय बधिर होत असतील, तर मधुमेहावर ढकलण्याआधी रक्तातलं बी १२ जीवनसत्त्व बघ, या गोळीने ते घटू शकतं.

रक्तदाब वाढलाय हे ठरवतानाही घाई नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, दंड हृदयाच्या पातळीला, दंडाला बांधायचा पट्टा मापाचा. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो आणि त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते. तातडी नसेल तर घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजू दे. पहिला दिवस सोडून सरासरी काढ.

खाण्याचं बोलशील तेव्हा 'बाहेरचं कमी करा' एवढ्यावर सोडू नकोस, पाकीट मागव. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिली दिसू नये म्हणून ती साखर, ग्लुकोज सिरप, फळांचा आटवलेला रस अशी तुकड्यांत विभागलेली सापडेल. ते तुकडे एकत्र मोज. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुण, की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. पण नुसते घटक बदलून भागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात २० जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार दिला: एक अतिप्रक्रिया केलेला, दुसरा फारशी प्रक्रिया नसलेला. वाढलेल्या ताटांतले उष्मांक, साखर, चरबी, तंतू जुळवलेले होते, आणि खायचं पोटभर. तरी पहिल्या आहारावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. तेव्हा 'कमी फॅट', 'जादा फायबर' असं छापलेल्या पाकिटावर फार विसंबू नकोस.

'चालत जा, वजन उतरवा' हे सांगून काही होत नाही, हे तुला पहिल्याच महिन्यात दिसेल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जीवनशैली बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. हे आकडे सगळे सांगतात. पहिल्या गटाला २४ आठवड्यांत १६ पाठ मिळाले, सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम असं ठरलेलं लक्ष्य होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तुझ्याकडे १६ पाठांना वेळ नसेल. निदान चिठ्ठीवर औषधासारखंच लिही: जेवणानंतर १५ मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा, आणि पुढची तारीख.

एक सावधगिरी. 'मुळावर इलाज' विकणाऱ्यांचंही दुकानच असतं. निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर एखादी तरी 'असामान्य' येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, कारण प्रत्येकीची मर्यादाच ९५ टक्के लोकांवर बेतलेली असते. मग त्या एका आकड्यासाठी पूरक गोळ्यांचा डबा येतो. आणि मूळ नेहमी ताटातच असतं असंही नाही. जठरव्रणाचं (पोटातल्या अल्सरचं) खापर वर्षानुवर्षं ताण आणि तिखटावर फोडलं गेलं, अ‍ॅसिड दाबणारी औषधं भरपूर खपली. मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवला, त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यावरचा उपाय म्हणजे साधारण दोन आठवड्यांची प्रतिजैविकं, म्हणजे औषधच.

या महिन्यात दहा पिशव्या तपास. ज्या गोळ्यांचं 'कशासाठी' ना रुग्णाला सांगता आलं ना तुला, त्यांची यादी करून मला पाठव.

तुझा,
सर