क्योटोत एकच दिवस आहे, गाईड न घेता पायी काय काय बघता येईल?

एकच दिवस असेल तर सरळ हिगाशियामा हा शहराच्या पूर्वेकडचा जुना भाग धरा, बाकी क्योटो पुढच्या वेळी. आणि लवकर निघा, खरंच लवकर, कारण तिथलं कियोमिझुदेरा हे बौद्ध मंदिर सकाळी ६ ला उघडतं आणि नंतर तिथे नुसती गर्दी असते. १६३३ साली बांधलेला या मंदिराचा लाकडी सज्जा जमिनीपासून साधारण १३ मीटर उंच आहे, खालचे खांब-तुळया खाचा करून एकमेकांत बसवलेत, खिळे नाहीत, त्यामुळे वरूनच फोटो काढून परत फिरू नका, खाली ओतोवा धबधब्यापाशी उतरा आणि तिथून वर बघा, मग सुतारांनी काय काम केलंय ते कळतं.

मग सान्नेनझाका, निनेनझाका या जुन्या उताराच्या गल्ल्यांनी उतरत या, दगडी पायऱ्या आहेत, पाऊस असेल तर जपून. मध्येच डावीकडे यासाका पॅगोडा दिसतो. पुढे कोदाइजी अजिबात सोडू नका, सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या बायकोने, नेनेने, नवऱ्याच्या आठवणीत १६०६ साली उभारलेलं मंदिर, बाग इतकी सुंदर आहे की मी तर म्हणेन तासभर तिथेच बसा. तिथून मारुयामा पार्क, यासाका देऊळ आणि गिओन, म्हणजे गेइकोंची (क्योटोत गेइशांना गेइको म्हणतात) जुनी वस्ती.

गिओनमध्ये एक मात्र पाळाच, खासगी गल्ल्यांत शिरायचं नाही, तिथे १०,००० येन दंडाचे बोर्ड लावलेत, आणि कोणी गेइको दिसली तर फोटोसाठी तिच्या मागे लागू नका प्लीज, ती कामावर निघालेली असते.

देवळांत आत जाताना बूट काढावे लागतात, म्हणून पटकन काढता-घालता येतील असेच घाला.