ॲपमधले ‘बार्बेक्यू बीफ’चे आकडे सिगडीवरच्या मटणाला, चिकनला चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशकात जिम चालू आहे, डाएटच्या ॲपमध्ये ‘बार्बेक्यू बीफ, तयार, 100 ग्रॅम’ अशी नोंद सापडते. रविवारी घरी सिगडीवर भाजलेल्या मटणाला किंवा पार्सल आणलेल्या बार्बेक्यू चिकनला तेच आकडे टाकले तर चालतील का?

नाही चालणार. मांस वेगळं हे कारण आहेच, पण ते दुसऱ्या नंबरचं. पहिलं कारण सॉस. त्या नोंदीत सॉस किती धरलाय हे तुम्हाला दिसत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते.

ही नोंद अमेरिकेतली आहे आणि तिथल्या लेबलच्या नियमांत पदार्थाच्या नावातल्या शब्दांच्या क्रमाला अर्थ असतो. नुसतं ‘बीफ बार्बेक्यू’ म्हणायचं तर मांस लाकडाच्या किंवा निखाऱ्यांच्या थेट आचेवर भाजलेलं लागतं, आणि भाजल्यावरचं वजन कच्च्या वजनाच्या 70 टक्क्यांपेक्षा जास्त भरून चालत नाही. ‘बीफ विथ बार्बेक्यू सॉस’ असेल तर डब्यात निम्मं शिजलेलं मांस असलं की नियम पाळला गेला. शब्द उलटे करून सॉस आधी आणला की मांस आणखी कमी चालतं. ॲपमध्ये मात्र हे तिन्ही ‘बार्बेक्यू बीफ’ म्हणूनच सापडतात.

याचा हिशेब घरच्या काट्यावर करून बघा. बोनलेस, चरबी काढलेलं मांस 500 ग्रॅम घ्या. बकऱ्याचं, म्हशीचं, कोंबडीचं, कोणतंही घ्या, कच्च्या 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरायची, म्हणजे एकूण 100 ग्रॅम. भाजून ते 350 ग्रॅम उरलं. पाणी आणि थोडी चरबी गेली, प्रथिनं जवळपास तेवढीच राहिली. म्हणून नुसत्या भाजलेल्या मांसात 100 ग्रॅमला 28-29 ग्रॅम प्रथिनं येतात. आता त्यात 120 ग्रॅम सॉस कालवा. एकूण 470 ग्रॅम, प्रथिनं 21 वर आली. सॉस मांसाइतकाच, म्हणजे 350 ग्रॅम घातला तर 14. मांस तेच, चूलही तीच, आकडा निम्मा.

आणि त्या निम्म्या जागी जे आलं ते काय? बाजारातल्या बार्बेक्यू सॉसमध्ये साधारण एक तृतीयांश साखर असते आणि 100 ग्रॅमला 1,000 मिलिग्रॅमच्या घरात सोडियम. वरच्या उदाहरणात 120 ग्रॅम सॉसमुळे 40 ग्रॅम साखर आली. 350 ग्रॅममुळे 115 च्या पुढे, आणि सोडियम सॉसमधूनच साडेतीन ग्रॅम. दिवसाची मर्यादा आहे 2 ग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. मांसाला चोळलेलं मीठ अजून मोजलेलंच नाही. घरी सॉस करताना साखरेऐवजी गूळ घातला की लोक निर्धास्त होतात. गूळही जवळपास सगळा साखरच आहे, ॲपमध्ये साखर म्हणूनच टाका.

सॉस कमी लागावा म्हणून एक साधी गोष्ट करा: तो शेवटच्या पाच-सात मिनिटांत लावा. आधीपासून लावला तर साखर करपते, वरून काळं आणि आतून कच्चं राहतं, मग कडवटपणा झाकायला आणखी सॉस ओतला जातो. सॉसच्या वाटीचं वजन लावायच्या आधी आणि नंतर करा, फरक तेवढा पोटात जाणार. दह्याच्या मॅरिनेशनलाही हेच लागू. ते सगळं नोंदवू नका, बरंचसं भांड्यातच राहतं.

आता मांसाचा फरक. प्रथिनांत फार पडत नाही, लोह, जस्त आणि बी-12 मध्ये पडतो. शिजलेल्या 100 ग्रॅम गोमांसातून दिवसाच्या गरजेएवढं बी-12 मिळतं, तेवढ्याच चिकनमधून त्याचा लहानसा भागच. लोहही चिकनमध्ये निम्म्याहून कमी. म्हणजे चिकन खाऊन बीफची नोंद टाकली तर बी-12 भरलं असं ॲप सांगत राहील आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते कमी निघू शकतं. बकऱ्याचं मटण लोहाच्या बाबतीत बीफच्या बरंच जवळचं. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं, बड्याचं. त्यात चरबी अमेरिकन गोमांसापेक्षा कमी असते, तेव्हा चरबीचा आकडा जास्त दाखवला जाईल.

पार्सलचं वजन करताना हाड विसरलं जातं. तंगडी काट्यावर ठेवून आलेला आकडा तसाच टाकू नका. खाऊन झाल्यावर हाडं त्याच काट्यावर ठेवा आणि वजा करा. कॉलेज रोडच्या हॉटेलातून आणा की जुन्या नाशकातल्या शेगडीवरून, वरून ब्रशने लोणी फिरवलेलं असतं. फॉइल उघडल्यावर तळाशी पिवळा थर दिसला तर एक टेबलस्पून लोणी, म्हणजे 100 कॅलरी वेगळ्या धरा. सीख कबाब असेल तर खिम्यात चरबी बहुधा मुद्दाम मिसळलेली असते, नाहीतर तो कोरडा पडतो. त्याला बोनलेस मांसाचे आकडे अजिबात लावू नका.

फ्रोजन पाकीट असेल तर मागची घटकांची यादी वाचा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मांसानंतर लगेच पाणी, साखर, स्टार्च आले की समजून जा. ‘ॲडेड शुगर’ची ओळ वेगळी छापलेली असते. ‘पर सर्व्ह’च्या आकड्यावर जाऊ नका, 100 ग्रॅमचा आकडा घ्या, तुम्ही खरंच किती ग्रॅम खाल्लं त्याने गुणा आणि 100 ने भागा.

ॲपमध्ये दोन नोंदी करा: ‘भाजलेलं चिकन’ किंवा ‘मटण’, शिजल्यावरच्या वजनाने, हाडाशिवाय; आणि ‘बार्बेक्यू सॉस’, वाटीतून गेला तेवढा. कच्चं वजन ‘शिजलेलं’ म्हणून टाकलंत तर प्रथिनं चाळीसेक टक्के फुगतात.